स्थूलता, पुरुषाचें वंध्यत्व आणि औषधें

लग्नास तीन-चार वर्षें लोटूनहि घरांत पाळणा हालला नाहीं, म्हणजे समाजाची दृष्टि प्रथम सुनेकडे वळते. तिचे उपास, तिचे नवस, तिच्या तपासण्या आणि तिचीं औषधें यांस आरंभ होतो. आणि हें सर्व चालू असतां नवऱ्याची साधी वीर्यपरीक्षा मात्र पुष्कळ घरांत झालेली नसते. वास्तविक वर्षभर नियमित शरीरसंबंध असून व प्रतिबंधाचा कोणताहि उपाय योजिलेला नसून गर्भ राहिला नाहीं, तर दोघांचीहि तपासणी एकाच वेळीं व्हावी, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. कारण अपत्यहीन जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील दोष हा एकमेव कारण तरी असतो, किंवा स्त्रीकडील कारणांत त्याची भर तरी पडलेली असते.

पुरुषाकडील या कारणांत अलीकडे एका कारणाचें महत्त्व वाढत चाललें आहे, तें म्हणजे स्थूलता. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागिलें असतां जो अंक येतो, तो २५ वर गेल्यास वजन प्रमाणाबाहेर व ३० वर गेल्यास स्थूलता, असें जागतिक आरोग्य संघटना मानते. पांच फूट सहा इंच उंचीच्या पुरुषाच्या बाबतींत २५ हा अंक सुमारे ७० किलो वजनास येतो. भारतीयांच्या शरीरांत तितक्याच वजनांत चरबीचा अंश अधिक असल्यामुळें येथील तज्ज्ञांनीं २००९ सालीं या मर्यादा अनुक्रमें २३ व २५ अशा खालीं आणल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरींत १५ ते ४९ वर्षांच्या पुरुषांपैकीं सुमारें २३ टक्के पुरुषांचा अंक २५ किंवा त्याहून अधिक आढळला. २०१५-१६ मध्यें हेंच प्रमाण सुमारें १९ टक्के होतें. म्हणजे हा प्रश्न थोड्या श्रीमंत घरांपुरता उरलेला नाहीं.

प्रत्येक स्थूल पुरुष वंध्य असतो असें मुळींच नाहीं. भरपूर वजनाचे कितीतरी गृहस्थ चार मुलांचे बाप असतात. परंतु २०१३ सालीं २१ अभ्यासांतील १३,०७७ पुरुषांची माहिती एकत्र करून पाहिली असतां असें दिसून आलें कीं, वजन जसजसें वाढतें तसतसा वीर्यांतील शुक्रजंतूंची संख्या कमी असण्याचा किंवा ते मुळींच नसण्याचा संभव वाढत जातो, आणि अतिस्थूल पुरुषांत तो सुमारें दुपटीवर जातो. हा दोष औषधानें सुधारूं शकतो काय, हा प्रश्न येथें विचारांत घ्यावयाचा आहे. त्याचें उत्तर आशादायक आहे. पण त्यांत एक मोठा सांपळा आहे. अशा पुरुषाच्या हातीं जें औषध सर्वांत आधीं पडण्याचा संभव असतो, तेंच त्याच्या हेतूस सर्वांत घातक ठरतें.

हा सांपळा समजण्यासाठीं शरीरांतील व्यवस्था थोडक्यांत पाहिली पाहिजे. वृषणग्रंथींचीं कामें दोन आहेत. एक, टेस्टोस्टेरोन नांवाचा अंतःस्राव निर्माण करणें. दाढीमिशा, घोगरा आवाज, स्नायूंचें बळ आणि कामेच्छा हीं त्याचीं फळें होत. दुसरें, शुक्रजंतु तयार करणें. हीं दोन्हीं कामें वृषणग्रंथि आपल्या मनानें करीत नाहींत. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा लहानसा भाग आहे. तो जवळच्या पिट्यूटरी ग्रंथीस हुकूम देतो, आणि पिट्यूटरी एल्.एच्. व एफ्.एस्.एच्. हे दोन स्राव रक्तांत सोडते. एल्.एच्. मुळें टेस्टोस्टेरोन तयार होतें, आणि एफ्.एस्.एच्. शुक्रजंतूंच्या वाढीस आवश्यक असतें.

या व्यवस्थेस एक लगामहि आहे. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकींत जसा तरंगता गोळा असतो व पाणी ठराविक उंचीपर्यंत चढलें कीं तो नळ बंद करतो, तसेंच येथें घडतें. रक्तांत टेस्टोस्टेरोन, आणि त्यापासून बनणारें एस्ट्रोजेन, पुरेसें झालें कीं मेंदू पिट्यूटरीचा नळ आवळतो. तें कमी पडलें कीं नळ सैल होतो. एस्ट्रोजेन हा स्त्रीचा स्राव म्हणून प्रसिद्ध असला तरी पुरुषाच्या शरीरांतहि तो थोड्या प्रमाणांत असतो व असावा लागतो.

आतां चरबीचा विचार करूं गेल्यास, ती केवळ सांठवलेलें तेल-तूप नव्हे. चरबीच्या पेशींत अरोमॅटेज नांवाचें एक एन्झाइम असतें, आणि तें टेस्टोस्टेरोनचें रूपांतर एस्ट्रोजेनमध्यें करतें. चरबी जितकी अधिक तितकें हें रूपांतर अधिक. एस्ट्रोजेन वाढलें कीं टाकी भरली असा मेंदूचा समज होतो व नळ आवळला जातो. वृषणांस हुकूम मिळेनासा होतो, आणि टेस्टोस्टेरोन आणखीच खालीं येतें. टेस्टोस्टेरोन कमी झालें कीं स्नायु घटतात, हालचाल मंदावते व चरबी पुन्हा वाढते. असें हें चक्र फिरत राहतें.

याच्या जोडीला इतरहि उपद्रव असतात. स्थूल शरीरांत इन्सुलिन वाढलेलें असतें, व त्यामुळें टेस्टोस्टेरोन वाहून नेणारें प्रथिन कमी होतें. घोरणें व झोपेंत श्वास अडकणें यांमुळें रात्रीची विश्रांति मोडते, आणि टेस्टोस्टेरोनची निर्मिति तर बहुतांशीं झोपेंतच होते. वृषणांचें स्थान शरीराबाहेर ठेवण्यांत निसर्गाचा हेतु असा कीं तेथील उष्णता शरीराहून दोन ते चार अंश सेल्सिअस कमी राहावी. मांड्यांभोंवतीं चरबीचे थर जमले म्हणजे तो हेतु निष्फळ होतो.

अशा पुरुषाच्या रक्ताची परीक्षा झाली कीं कागदावर टेस्टोस्टेरोनचा आंकडा कमी दिसतो. त्याला थकवा असतो, उत्साह नसतो, कामेच्छा मंदावलेली असते. तेव्हां जें कमी आहे तें बाहेरून द्यावें, हा विचार कोणासहि सुचण्यासारखा आहे, आणि औषधहि तयार आहे. १९३५ सालीं ॲम्स्टरडॅम येथें अर्न्स्ट लाकर यांच्या मंडळीनें बैलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरोन वेगळें काढलें, आणि त्याच वर्षीं बूटेनांट व रुझिच्का या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं तें स्वतंत्रपणें कृत्रिम रीतीनें बनविलें. १९३९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक या दोघांस मिळालें. तेव्हांपासून हें औषध इंजेक्शनांच्या व पुढें मलमाच्या रूपानें उपलब्ध आहे. मूल नको असलेल्या, पण वृषण खरोखरच निकामी झालेल्या पुरुषास तें वरदानासारखें आहे.

परंतु मूल हवें असलेल्या पुरुषास तें दिलें असतां काय होतें? टाकींत बाहेरून पाणी ओतलें तर गोळा वर चढतो आणि नळ पूर्ण बंद होतो. एल्.एच्. व एफ्.एस्.एच्. हे दोन्हीं स्राव जवळजवळ थांबतात. शुक्रजंतूंच्या निर्मितीस वृषणांच्या आंत जितकें टेस्टोस्टेरोन लागतें, तें रक्तांतील प्रमाणाच्या कितीतरी पट असतें, आणि तें तेथेंच तयार व्हावें लागतें. इंजेक्शनानें तें तेथें पोहोंचत नाहीं. म्हणून रक्ताच्या कागदावर आंकडा सुधारतो, दंडांत बळ येतें, कामेच्छाहि परत येते, आणि वीर्यांतील शुक्रजंतु मात्र नाहींसे होतात.

हें केवळ तर्कानें ठरविलेलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें टेस्टोस्टेरोनचा उपयोग पुरुषांसाठीं संततिनियमनाचें साधन म्हणून होईल काय, याचा प्रयोग केला व १९९० सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सात देशांतील २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्यास २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोनचें इंजेक्शन देण्यांत आलें. सहा महिन्यांच्या आंत त्यांतील १५७ जणांच्या वीर्यांत एकहि शुक्रजंतु उरला नाहीं. पुढील वर्षभर या पुरुषांनीं दुसरें कोणतेंहि साधन वापरलें नाहीं, तरी त्या सर्व जोडप्यांत मिळून एकच गर्भ राहिला. जें औषध संततिनियमनासाठीं इतकें समर्थ ठरलें, तेंच संततीच्या आशेनें घेणें म्हणजे दिवा लागावा म्हणून वात विझविण्यासारखें आहे.

येथें एका समजुतीचा उलगडा झाला पाहिजे. पौरुष आणि जननक्षमता या दोन गोष्टी लोक एकच मानतात. परंतु त्या एक नव्हेत. शरीरसंबंधांत कसलीहि उणीव नसलेल्या पुरुषाच्या वीर्यांत शुक्रजंतूंचा अभाव असूं शकतो, आणि डोळ्यांना वीर्य नेहमींसारखेंच दिसतें. याच समजुतीमुळें तालमींत व व्यायामशाळांत शरीर कमावण्यासाठीं कोणाच्या तरी सांगण्यावरून अशीं इंजेक्शनें घेणारा तरुण आपण अधिक पुरुष होत आहों असें समजतो. पुढें मूल होत नाहीं म्हणून तपासणी त्याच्या पत्नीची होते, आणि इंजेक्शनांची गोष्ट तो डॉक्टरांस सांगतहि नाहीं. ती गोष्ट पहिल्याच भेटींत सांगणें अत्यंत आवश्यक आहे. झालेली हानि बहुधा कायमची नसते. अशा संततिनियमनाच्या प्रयोगांतील पुरुषांची माहिती २००६ सालीं एकत्र करण्यांत आली, तेव्हां औषध थांबविल्यावर सुमारें दोन-तृतीयांश पुरुषांची शुक्रजंतुसंख्या सहा महिन्यांत व दहांपैकीं नऊ जणांची वर्षभरांत पूर्ववत् झाल्याचें आढळलें. कांहींना मात्र दोन वर्षें लागलीं. हे मूळचे निरोगी पुरुष होते, हेंहि विसरूं नये.

मग योग्य मार्ग कोणता? प्रथम निदान. वीर्याची परीक्षा एकदां नव्हे, दोनदां व्हावी. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेप्रमाणें एका मिलिलिटरांत १ कोटि ६० लक्ष शुक्रजंतु ही खालची मर्यादा धरली जाते. वर्षभराच्या आंत ज्यांच्या पत्नी गरोदर राहिल्या अशा पुरुषांपैकीं ९५ टक्के या मर्यादेच्या वर होते. रक्तपरीक्षा सकाळीं, उपाशीं पोटीं करावी आणि टेस्टोस्टेरोनबरोबर एल्.एच्., एफ्.एस्.एच्., एस्ट्रॅडायॉल व प्रोलॅक्टिन हींहि पाहावीं. एफ्.एस्.एच्. पुष्कळ वाढलेलें असेल तर नळ पूर्ण उघडा असूनहि टाकी भरत नाहीं, म्हणजे दोष वृषणांतच आहे, असें समजावें. तेथें पुढील गोळ्यांचा उपयोग क्वचितच होतो. तें कमी किंवा साधारण असून टेस्टोस्टेरोनहि कमी असेल, तर नळ वरूनच आवळला गेला आहे, आणि तेथें औषधास वाव आहे. वृषणांच्या शिरा फुगणें, गालगुंडांबरोबर वृषणांस आलेली सूज, मार्गांतील अडथळा, पिट्यूटरीवरील गांठ अशीं दुसरीं कारणें स्थूल माणसासहि असूं शकतात; सर्व दोष वजनाच्या माथीं मारून मोकळें होऊं नये.

नळ सैल करणारें पहिलें औषध क्लोमिफीन हें होय. स्त्रियांमध्यें बीजविमोचन घडवून आणण्यासाठीं अमेरिकेंत १९६७ सालीं त्यास परवानगी मिळाली. तें मेंदूंतील एस्ट्रोजेनच्या जागा अडवून बसतें. त्यामुळें टाकी भरली आहे हें मेंदूस कळत नाहीं, तो हुकूम वाढवितो, आणि वृषण स्वतःच टेस्टोस्टेरोन व शुक्रजंतु तयार करूं लागतात. पुरुषांसाठीं अमेरिकेच्या औषधखात्यानें त्यास मान्यता दिलेली नाहीं. तज्ज्ञ आपल्या जबाबदारीवर तें देतात. दृष्टि अंधुक होणें, मनाची चलबिचल हे त्याचे त्रास होत, आणि थोड्या पुरुषांत शुक्रजंतु वाढण्याऐवजीं घटतात. म्हणून तीन महिन्यांनीं वीर्यपरीक्षा केल्यावांचून तें चालू ठेवूं नये.

दुसरा वर्ग अरोमॅटेजला अडविणाऱ्या औषधांचा. ॲनास्ट्रोझोल व लेट्रोझोल हीं मूळ स्तनांच्या कर्करोगासाठीं निघालेलीं औषधें चरबींतील तें रूपांतरच थांबवितात. न्यूयॉर्क येथील रामन व श्लेगेल यांनीं २००२ सालीं, टेस्टोस्टेरोनच्या मानानें एस्ट्रोजेन ज्यांचें अधिक आहे अशा वंध्य पुरुषांत या वर्गाचा उपयोग होतो, असें दाखविलें. स्थूल पुरुष या वर्णनांत पुष्कळदां बसतात. पण एस्ट्रोजेन पार नाहींसें करणें हिताचें नाहीं. १९९४ सालीं अशा एका पुरुषाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला कीं ज्याच्या शरीरास जन्मतःच एस्ट्रोजेनचा उपयोग करतां येत नव्हता. त्याचीं हाडें विरळ व ठिसूळ झालीं होतीं. यास्तव हीं औषधें मर्यादित काळ आणि रक्तपरीक्षा करीतच घ्यावयाचीं असतात. तिसरें औषध एच्.सी.जी. गरोदर स्त्रीच्या शरीरांतील हा स्राव एल्.एच्. चें काम करतो. पिट्यूटरीचा हुकूमच येत नसेल, किंवा बाहेरच्या टेस्टोस्टेरोननें वृषण निद्रिस्त झाले असतील, तेथें त्याचीं इंजेक्शनें आठवड्यांतून दोन-तीन वेळां देतात, व जरूर तेथें एफ्.एस्.एच्. ची जोड देतात.

हीं तिन्हीं औषधें नळ सैल करतात. ज्या चरबीनें तो आवळला ती जागच्या जागींच राहते. तिच्यावर उपाय म्हणजे वजन कमी करणें, आणि येथें गेल्या कांहीं वर्षांत खरी भर पडली आहे. कोपनहेगन येथील एका प्रयोगाचा वृत्तांत २०२२ सालीं आला. ३२ ते ४३ अंकाच्या ५६ स्थूल पुरुषांना आठ आठवडे दररोज ८०० कॅलरींचा आहार देण्यांत आला. त्यांचें वजन सरासरी साडेसोळा किलोंनीं घटलें, आणि वीर्यांतील शुक्रजंतूंचें प्रमाण जवळजवळ दीडपट झालें. पुढें वर्षभर कांहींना व्यायाम, कांहींना लिराग्लुटाइड नांवाचें भूक कमी करणारें इंजेक्शन, कांहींना दोन्हीं, व कांहींना नुसतें निरुपद्रवी पाणी असे चार गट करण्यांत आले. वर्षाअखेर ज्यांनीं वजन पुन्हा वाढूं दिलें नाहीं त्यांची सुधारणा टिकली. ज्यांचें वजन परत आलें त्यांची गेली. म्हणजे फळ कोणत्या साधनाचें यापेक्षां वजन खालीं राहिलें कीं नाहीं, याला महत्त्व होतें.

टेस्टोस्टेरोन आणि हीं नवीं औषधें यांतील भेद स्लोव्हेनियांतील ल्युब्लियाना येथें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगांत स्पष्ट झाला. कमी टेस्टोस्टेरोन असलेल्या ३० स्थूल पुरुषांपैकीं कांहींना लिराग्लुटाइड व कांहींना टेस्टोस्टेरोन १६ आठवडे देण्यांत आलें. टेस्टोस्टेरोन दोन्हीं गटांत वाढलें. परंतु पहिल्या गटांत वजन सुमारें आठ किलोंनीं घटून एल्.एच्. व एफ्.एस्.एच्. वर आले, आणि दुसऱ्यांत ते दाबले गेले. कागदावरील एकच आंकडा दोन मार्गांनीं सुधारतो. एक मार्ग पाळण्याकडे नेतो, दुसरा त्यापासून दूर.

याच जातीचें सेमाग्लुटाइड अधिक जोरकस आहे. २०२१ च्या मोठ्या प्रयोगांत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन त्यानें घटलें. वजनासाठीं दिलें जाणारें सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड २०२५ सालीं भारताच्या बाजारांत आलीं. मात्र मळमळ, वांति, बद्धकोष्ठ हे त्रास पुष्कळांना होतात. क्वचित् पित्ताशयांत खडे किंवा स्वादुपिंडास सूज येते. आणि औषध बंद केल्यावर गेलेल्या वजनापैकीं बरेंचसें वर्षाच्या आंत परत येतें. शिवाय मूल हवें असलेल्या घरांत एक दक्षता अवश्य हवी: नवऱ्याचें इंजेक्शन पत्नीनें घेऊं नये. स्त्रीनें सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधीं थांबवावें, असा इशारा औषधाबरोबरच दिलेला असतो.

शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचें काय? अमेरिकेंत २,३७० जोडप्यांतील पुरुषांना सहा महिने जस्त व फॉलिक ॲसिड किंवा तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या देऊन पाहिलें. २०२० सालीं निकाल आला: पहिल्या गटांत ३४ टक्के व दुसऱ्यांत ३५ टक्के जोडप्यांना मूल झालें. अर्थात् त्या गोळ्यांवर पैसा घालविणाऱ्यानें तोच पैसा भाजीपाल्यावर खर्च केला तर निदान वजनास तरी उपयोग होईल.

शेवटीं काळाचा विचार. एक शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें ७४ दिवस लागतात, व पुढच्या मार्गांतून परिपक्व होऊन बाहेर येण्यास आणखी कांहीं दिवस. म्हणून आज घेतलेल्या औषधाचें किंवा आज सोडलेल्या मिठाईचें फळ तीन महिन्यांच्या आंत पाहण्याची घाई करूं नये. महिन्याभरांत कांहीं झालें नाहीं म्हणून औषध बदलणारा आपलाच प्रयोग मोडतो. पण दुसऱ्या बाजूस, पत्नीचें वय पस्तिशीच्या पुढें गेलें असेल तर वजन उतरेपर्यंत वर्षानुवर्षें थांबणेंहि शहाणपणाचें नव्हे. तेथें कृत्रिम गर्भधारणेच्या मार्गांचा विचार तज्ज्ञाच्या सल्ल्यानें बरोबरच करावा.

सारांश, स्थूल पुरुषास मूल हवें असेल तर त्याच्या डॉक्टरांस पहिल्याच भेटींत दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: त्याला मूल हवें आहे ही एक, आणि त्यानें पूर्वीं शक्तीचीं इंजेक्शनें घेतलीं आहेत कीं नाहींत ही दुसरी. या दोन वाक्यांवर औषधाची निवड अवलंबून असते. आणि ज्या घरांत सुनेच्या तपासण्यांची जाडजूड फाइल तयार झाली आहे, त्या घरांत मुलाच्या नांवाचा एक कागद तींत प्रथम पडला पाहिजे. त्या कागदास खर्च थोडा येतो, वेदना मुळींच होत नाहींत. आणि कित्येक वर्षांचा अन्याय त्यानें थांबूं शकतो.